जीप, खेचर आणि होडी

युद्ध संपलें म्हणजे सैनिक घरीं परततात, सेनापति आपल्या आठवणी लिहावयास बसतात आणि मुत्सद्दी तहाच्या कलमांवर वाद घालीत राहतात. परंतु त्या युद्धाचीं ओझीं ज्यांनीं वाहिलीं, त्या गाड्यांचें पुढें काय होतें याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. त्यांतील पुष्कळशा भंगारांत जातात. कांहींचा लिलांव होऊन त्या शेतकऱ्यांच्या व लांकूडवाल्यांच्या घरीं नांदूं लागतात. अशाच एका लष्करी जीपनें अँगलसी बेटावरील एका शेतांत इतकें चोख काम केलें कीं, तिचे मालक, रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स, यांनीं तिच्याच धर्तीवर नवी गाडी काढण्याचें मनांत घेतलें, आणि १९४८ सालीं 'लँड रोव्हर' जन्मास आली. आपल्याकडेहि कॅनडांत बांधलेले लष्करी ट्रक युद्धानंतर वर्षानुवर्षें घाटांतून माल वाहत राहिले. आणि मुंबईस महिंद्र कंपनीनें जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केल्यावर तर मामलेदारापासून मोठ्या साहेबापर्यंत सर्व अंमलदारांची स्वारी त्याच गाडींतून फिरूं लागली. खेड्यांत "जीप आली" याचा अर्थ "सरकार आलें" असा कित्येक वर्षें होता, हें आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेलच.

इंग्लंडांत अशा गाड्यांचें आणखी एक माहेर आहे. "जिवंत इतिहास" या नांवाचे जे मेळे तेथें उन्हाळ्यांतील शनिवार-रविवारीं भरतात, त्यांत दुसऱ्या महायुद्धांतील गाड्या पूर्ववत् दुरुस्त करून आणतात, त्यांचे मालक त्या काळचे पोषाख करितात, आणि दोन दिवस सर्वांनीं मिळून १९४० च्या सुमारास राहावयाचें असतें. आम्ही उभयतां लेस्टर परगण्यांत बरींच वर्षें राहतों. आमचे शेजारी यंत्रशाळेंतून निवृत्त झालेले फिटर आहेत. एका शेताच्या गोठ्यांत त्यांना फोर्ड बनावटीची १९४३ सालची एक जीप सांपडली. ती विकत घेण्यांत व दुरुस्त करण्यांत निम्मा खर्च आमचा आणि सर्व ज्ञान त्यांचें, असा करार झाला. आणि तो करार आजपर्यंत कोणत्याहि पक्षानें मोडलेला नाहीं.

जीपची जन्मकथा मोठी चटपटीत आहे. अमेरिकन सैन्यानें १९४० सालीं हलक्या, चारहि चाकांनीं ओढणाऱ्या गाडीची मागणी केली, तेव्हां बँटम नांवाच्या लहानशा कारखान्यानें अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून दिला. परंतु हजारोंनीं गाड्या पुरविण्याची त्याची ऐपत नव्हती. मोठें काम विलीज आणि फोर्ड या दोन बड्या कारखान्यांकडे गेलें, व १९४५ पर्यंत त्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर काढल्या. दोहोंचा आराखडा एकच आणि सुटे भाग एकमेकांस चालणारे; तथापि फोर्ड कंपनीचा अभिमान असा कीं, तिच्या बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां तिचें 'एफ्' हें अक्षर उठविलेलें असे. आमच्या शेजाऱ्यांनीं या 'एफ्'च्या शोधांत दोन हिवाळे घालविले. जुन्या बाजारांतून मूठभर गंजके बोल्ट घेऊन ते घरीं येत, तेव्हां त्यांचा चेहरा शाळिग्राम सांपडलेल्या भाविकासारखा दिसे.

गाडीचा पत्रा वरून बरा दिसत होता. पण तळाच्या पत्र्याखालीं ज्या पोकळ पट्ट्या असतात त्यांत कारखान्यानें लांकूड भरलें होतें, आणि वर्षानुवर्षांच्या ओलीनें तें कुजून त्यानें भोंवतालचें लोखंड खाल्लें होतें. आधारासाठीं जें घालावें त्यानेंच घर पोखरावें, हा प्रकार केवळ गाड्यांतच घडतो असें नाहीं. तो सर्व भाग कापून नवा करावा लागला. शेतकऱ्यानें लाविलेला तांबडा रंग खरवडला तेव्हां खालीं लष्करी हिरवा रंग निघाला आणि बॉनेटवर पांढऱ्या चांदणीची अंधुक कड दिसूं लागली. मागच्या बाजूस एक खोल पोचा होता. तो ठोकून सपाट करावा असें आम्हीं सुचविलें. शेजारी म्हणाले, "हा पोचा कशाचा, हें आपणांस ठाऊक नाहीं. तोंवर तो राहूं द्यावा." तो अजून तेथेंच आहे.

अशी गाडी मेळ्यास नेणें हें एक स्वतंत्र प्रकरण असतें. इंग्लंडच्या कायद्यानें चाळीस वर्षांहून जुन्या गाडीस वार्षिक तपासणी माफ केली आहे. परंतु यमराजानें तशी कांहीं माफी जाहीर केलेली नाहीं, म्हणून ब्रेक, चाकें आणि दिवे शेजारी स्वतः तपासतात. आजच्या पेट्रोलांत मद्यार्काचें प्रमाण वाढल्यापासून जुन्या रबरी नळ्या आंतून विरघळूं लागल्या आहेत. त्या बदलाव्या लागतात. सुकाणू डाव्या बाजूस आणि रस्त्यावर चालावयाचेंहि डाव्या बाजूनें. त्यामुळें पुढची गाडी ओलांडतांना समोरून कोणी येतें कीं काय हें उजवीकडे बसलेल्या सोबत्यास सांगावें लागतें. पेट्रोलची टाकी चालविणाराच्या बैठकीखालींच असते, त्यामुळें त्यानें विडी ओढूं नये हें सांगावें लागत नाहीं. इंजिनाची शक्ति साठ घोड्यांची असली तरी ताशीं चाळीस मैलांपलीकडे तिला हांकणें आमच्या शेजाऱ्यांस रुचत नाहीं. मागें मोटारींची रांग लागते. पण पुढें निघून जातांना बहुतेकजण हात हालवून हंसतात. साध्या मोटारींत बसून आम्हांस इतके नमस्कार कधींच मिळाले नव्हते.

आमची वारी होते ती ग्रेट सेंट्रल रेल्वेच्या क्वॉर्न स्टेशनावर. ही रेल्वे १९६९ सालीं बंद पडली; पुढें हौशी लोकांनीं वर्गणी जमवून आणि अंगमेहनत करून लफबरोपासून लेस्टरच्या उत्तर टोंकापर्यंतचा आठ मैलांचा तुकडा जिवंत ठेवला. त्यांतील क्वॉर्नचें स्टेशन युद्धकाळांतील सजावटींत राखलेलें आहे. जूनमधील मेळ्याच्या दिवशीं वाफेच्या इंजिनांतून उतरलेले लोक शेजारच्या मैदानांत येतात, तों तेथें तंबू, ट्रक, फटफट्या आणि तारायंत्रें यांची छावणीच पडलेली असते. मुलें गळ्यांत विषारी वायूच्या मुखवट्याचे पुठ्ठ्याचे डबे अडकवून हिंडतात. चहाच्या दुकानापुढें रांग असते. कोठें त्या काळचीं गाणीं चालू असतात आणि वयोवृद्ध जोडपीं गवतावर नाचत असतात.

हा सर्व पोरखेळ आहे, असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. खाकी वेषांतील दर दुसरा मनुष्य छत्रीसैनिक, नाहींतर कप्तान! वास्तविक सैन्यांत एका लढणाऱ्यामागें स्वयंपाकी, कारकून, मोची, परीट, मोटारहाक्ये असा मोठा गोतावळा असतो. पण परटाचा वेष करून आलेला हौशी मनुष्य आम्हांस अद्याप भेटला नाहीं. बंदुका खोट्या असतात आणि त्यांवरहि २००६ च्या कायद्याचा अंकुश आहे. जर्मन पोषाख करून येणाऱ्यांवरून तर वारंवार वाद माजतात, आणि कित्येक ठिकाणीं तो पोषाख करण्यास मनाईच आहे. जेथें कोणी मरत नाहीं, कोणास भूक लागत नाहीं आणि पांच वाजतां सर्वजण घरीं जातात, त्यास युद्ध कसें म्हणावें? हा आक्षेप बिनतोड आहे.

परंतु दुसरी बाजूहि आहे. पुस्तकांतील युद्धाला वजन नसतें. दहा वर्षांच्या मुलीनें जीपचें चाक स्वतः फिरवून पाहिलें आणि तें फिरलें नाहीं, म्हणजे तिला जें समजतें तें कोणत्याहि धड्यानें समजत नाहीं. जीपचे पुढचे दिवे मागें उलटून इंजिनावर पाडतां येतात. काळोखांत दुरुस्ती करणाऱ्या माणसाची ती सोय होती. हें दाखविलें कीं मुलें क्षणभर गप्प होतात. कारण तो काळोख व तो दुरुस्ती करणारा मनुष्य त्यांना दिसूं लागतो. पुढच्या दांडीवर उभी लोखंडी पट्टी कशासाठीं, असें तीं विचारतात. रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारेनें स्वारांचा गळा कापला जाऊं नये म्हणून, असें सांगितलें म्हणजे आईबाप थोडे अस्वस्थ होतात. आणि तसें व्हावेंहि.

असाच एक मुलगा पहिल्या वर्षीं आमच्याजवळ आला. त्यानें जीपकडे पाहिलें, आम्हां दोघांकडे पाहिलें आणि विचारलें, "त्या लढाईंत तुम्ही कोणत्या बाजूचे होतां?" प्रश्नांत कांहीं खोंच नव्हती. दोन बाजू असतात आणि प्रत्येक मनुष्य त्यांपैकीं एका बाजूस असतो, अशी त्याची सरळ समजूत होती. आम्हीं त्यास सांगितलें कीं, हिंदुस्थानचे पंचवीस लाख सैनिक इंग्रजांच्या बाजूनें लढले. तो समाधानानें निघून गेला. समाधान आमचें झालें नाहीं. कारण जें सांगितलें तें खरें असलें तरी पुरें नव्हतें, आणि पुरें उत्तर एका वाक्यांत मावणारें नव्हतें.

ज्या देशास १९३९ च्या सप्टेंबरांत कोणीं विचारलें नाहीं आणि व्हाइसरॉयच्या एका घोषणेनें जो युद्धांत ओढला गेला, त्याची बाजू कोणती? ८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया टँकच्या मैदानावर "चले जाव"चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी तुरुंगांत गेले, आणि पुढें सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार उभें राहिलें. त्या भागांत खाकी मोटार म्हणजे पोलीस. आणि त्याच महाराष्ट्रांतील पोरें मराठा पलटणींतून इटलींत लढत होतीं. कुलाबा जिल्ह्यांतील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत पडले. नगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या पाण्यांतून दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक पाठीवर पार नेलें. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि इटलींतील मोन्तोने गांवानें २०२३ सालीं घाडग्यांच्या नांवानें छायाघड्याळाचें स्मारक उभारलें. एकाच रंगाची मोटार एका गांवीं मनुष्यास धरून नेते आणि दुसऱ्या गांवीं जखमीस इस्पितळांत पोंचविते. आमच्या लोकांच्या मनांत या दोन्ही मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. मेळ्याच्या मैदानांत मात्र एकच होती.

यावर उपाय म्हणून त्या हिवाळ्यांत आम्हीं एक फलक करावयाचें ठरविलें. त्याचा मथळा "युद्धांतील तीन वाहनें" असा, आणि त्यावर तीन चित्रें: जीप, खेचर आणि होडी.

खेचराची गोष्ट अशी. १९३९ सालीं फ्रान्समध्यें गेलेल्या ब्रिटिश सैन्याचा मोठा अभिमान हा कीं, त्यांत ओझ्याचें जनावर एकहि नाहीं, सर्व कारभार मोटारींवर. पण त्या थंडींत बर्फ व चिखल यांपुढें मोटारी हटल्या, आणि हिंदुस्थानाकडे खेचरांची मागणी झाली. डिसेंबरांत मुंबईहून चार खेचर-तुकड्या जहाजांत चढून मार्सेय बंदरीं उतरल्या. त्यांतील माणसें बहुतांशीं पंजाबांतील मुसलमान होतीं. पुढच्या उन्हाळ्यांत डंकर्कची पळापळ झाली. एक तुकडी जर्मनांच्या हातीं सांपडली, बाकीचे लोक समुद्र ओलांडून इंग्लंडांत आले, आणि खेचरें मागें राहिलीं. हे खेचरवाले पुढें १९४४ पर्यंत इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथें होते. त्यांपैकीं नऊजण स्कॉटलंडच्या किंगुसी गांवच्या कबरस्तानांत आजहि आहेत.

होडीची गोष्ट अधिक जड आहे. १९४२ सालीं ब्रह्मदेश पडला आणि जपानी सैन्य बंगालच्या वेशीशीं आलें. शत्रूच्या हातीं साधनें लागूं नयेत म्हणून सरकारनें किनाऱ्याच्या जिल्ह्यांतील तांदूळ उचलला, आणि दहा किंवा अधिक माणसें नेऊं शकणाऱ्या होड्या हजारोंनीं जप्त केल्या किंवा मोडून टाकल्या. ज्या मुलखांत रस्ता म्हणजे नदी, तेथें होडी हेंच शेत, तेंच दुकान आणि तोच बाजार. कोळ्याचें जाळें कोरडें राहिलें, कुंभाराची माती येईनाशी झाली. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद पडला होता. ऑक्टोबरांत वादळानें मेदिनीपूर झोडपून काढलें. भाव चढले, साठेबाजी झाली, आणि १९४३ सालीं बंगालांत माणसें रस्त्यावर पडून मेलीं. दुष्काळाचें कारण केवळ होड्या नव्हे. पण त्या कारणांच्या मालिकेंत होड्यांचा दुवा आहे.

शेजाऱ्यांस खेचर आवडलें. होडी मात्र त्यांना मान्य होईना. ते म्हणाले, "लोक तेथें पोराबाळांस घेऊन सहलीस येतात. आणि या जीपचा बंगालशीं काय संबंध? गाडीनें तिला जेवढें ठाऊक आहे तेवढेंच सांगावें." आम्हीं म्हटलें, "गाडीस कांहींच ठाऊक नसतें. ठाऊक असतें तें तिच्याजवळ उभें राहणारास. आणि तिच्याजवळ आम्हीहि उभे राहतों." बोलणें तेवढ्यावरच थांबलें. पुढें आठ दिवस गाडीच्या कामापलीकडे शब्द निघाला नाहीं. आमच्या मनांत आलें कीं, एका चित्रापायीं शेजार तुटणार असेल तर काय करावें? होडी काढून टाकणें सोपें होतें. पण ती काढून जीपशेजारीं उभें राहणें आम्हांस जमलें नसतें. आणि गाडींतील निम्मा वांटा विकून मोकळें व्हावें, येथपर्यंत घरांत बोलणें झालें.

आठव्या दिवशीं ते स्वतः आले. त्यांचे वडील डंकर्कच्या सैन्यांत मोटारहाक्ये होते, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यापुढचें ठाऊक नव्हतें. किनाऱ्याजवळ येतांच हुकूम झाला कीं, गाड्या शत्रूच्या हातीं पडूं देऊं नका. तेथें साठ हजारांहून अधिक गाड्या मागें राहिल्या. वडिलांनीं आपल्या ट्रकचें तेल खालीं सोडलें, रेडिएटर फोडला आणि इंजिन जोरानें चालूं ठेविलें. तें तापून, किंचाळून, जागच्या जागीं आंवळून बंद पडेपर्यंत ते जवळ उभे होते. तोफांविषयीं ते पुढें कधींमधीं बोलत. पण त्या आवाजाविषयीं जन्मांत एकदांच बोलले. एवढें सांगून शेजारी म्हणाले, "हुकूम एकच होता. पण माझ्या बापाचा ट्रक सरकारचा होता. होडी त्या माणसाची स्वतःची होती." मग त्यांनीं फलकाचें माप विचारलें.

फलक मेळ्यांत उभा राहिला. त्यामुळें फार मोठी जागृति झाली असें सांगितलें तर तें खोटें होईल. बहुतेक लोक जीप पाहून पुढें गेले. मुलांस खेचर आवडलें. तें लाथा मारी का, हा प्रश्न दिवसभर चालू होता. लेस्टरहून आलेल्या एका गुजराथी कुटुंबानें फलकाकडे पाठ करून जीपबरोबर छायाचित्र काढून घेतलें. एक गृहस्थ शेवटपर्यंत वाचून रागावले. ते म्हणाले, "ही जत्रा आहे, न्यायाची कचेरी नव्हे." शेजाऱ्यांनीं त्यांना शांतपणें चहा देऊं केला, तो त्यांनीं घेतला नाहीं. छत्रीसैनिकाच्या वेषांतील एका तरुणानें मात्र होडीचा मजकूर दोनदां वाचला आणि विचारलें, "मग त्या होड्या त्यांना परत मिळाल्या का?" इतका साधा आणि नेमका प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता. आम्हीं सांगितलें कीं, कांहींना भरपाई मिळाली. पण भरपाईच्या पैशांत बसून नदी ओलांडतां येत नाहीं. तो बराच वेळ उभा होता.

असो. अशा मेळ्यांविषयीं आमचें मत आतां असें झालें आहे कीं, ते खेळ असतात हें खरें. पण खेळांत कोणास घ्यावयाचें आणि कोणास नाहीं, हा प्रश्न खेळण्यावारी नेण्याजोगा नसतो. गाडी पूर्ववत् करणें म्हणजे तिला चकचकीत करणें नव्हे. पोचा ज्या न्यायानें राहूं द्यावयाचा, त्याच न्यायानें होडीहि राहूं द्यावयाची. आणि ज्यांस जुनें इंजिन सुरू झाल्याचा निर्मळ आनंद होतो, त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचेंहि कारण नाहीं. तो आनंद आम्हांसहि होतो.

फलकाच्या बाबतींत एक काम राहिलें होतें, तें या हिवाळ्यांत झालें. दुष्काळांत मेलेल्यांचा आंकडा आम्हीं "३० लाख" असा लिहिला होता. शेजारी वाचनालयांत जाऊन बसले, आणि परत आल्यावर त्यांनीं सांगितलें कीं, १९४५ च्या सरकारी चौकशी मंडळानें १५ लाख म्हटलें आहे आणि पुढच्या अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास जातो. तेव्हां एकच आंकडा लिहिणें बरोबर नाहीं. "पिस्टनच्या मापासदेखील कमींत कमी किती आणि जास्तींत जास्त किती हें लिहितात," ते म्हणाले, "मग येथें कां लिहूं नये?" आतां फलकावर दोन्ही आंकडे आहेत. अक्षरें त्यांनीं स्वतः रंगविलीं, आणि पावसाचें पाणी लागूं नये म्हणून वर पत्र्याची पन्हळहि बसविली. जूनच्या मेळ्यापूर्वीं जीपच्या डायनॅमोचें काम करावयाचें आहे. तें झालें म्हणजे फलक ताडपत्रींत गुंडाळून मागच्या बैठकीवर ठेवावयाचा आणि निघावयाचें.